चौऱ्याऐंशी टोले

मी एक रेशमी फीत बोलतेय. सुरुवातीलाच माफी मागते. माझ्यावर जी अक्षरं छापलीत तेवढीच मला येतात, आणि ती दोन्ही बाजूंची मिळून तीन ओळींपेक्षा जास्त नाहीत. बाकीची व्हर्लिनने भरली. व्हर्लिन डेअरीत लोण्याच्या पिंपांना झाकणं ठोकतो. त्याची शाळा सहावीत सुटली, त्यामुळे कुठे वेलांटी चुकली असेल, शब्द साधे असतील, तर सांभाळून घ्या. जे झालं ते तसंच सांगितलंय. मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून कुठे पुढचं मागे झालं तरी चालवून घ्या.

माझा जन्म १८८९ सालचा. मागावरून उतरले तेव्हा मी फार लांब होते. मग मला वीतभर मापात कापलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या ओहायोच्या दोनशे अकराव्या पायदळ पलटणीचे म्हातारे होत चाललेले सैनिक दरवर्षी सप्टेंबरात टॅनर्स फोर्ड गावात जमायचे. त्या मेळाव्यासाठी आम्ही एकशे चाळीस जणी तयार झालो.

आम्हाला दोन बाजू होत्या. एका बाजूला निळं रेशीम, त्यावर सोनेरी गरुड, तंबू आणि पलटणीचं नाव. ही मेळाव्याची बाजू. मागची बाजू काळी, त्यावर रुपेरी अक्षरांत फक्त 'स्मरणार्थ'. ही अंत्यविधीची. हसायला आणि रडायला माणसांनी एकच फीत केली. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. छापखान्यात कुणाला तरी वाटलं असेल की सोय झाली.

मी लेम्युएल स्ट्राउडच्या वाट्याला आले. तो गाड्यांची चाकं बनवायचा. हात जाड, बोटांना डांबराचा वास, आणि आवाज असा की कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं. त्याने मला कोटावर लावलं तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. मला कोटाला अडकवायची पितळी पट्टी पुढे तुटली. तेव्हापासून साधी टाचणी. आज माझा वरचा काठ बघाल तर चाळणी झालीय.

मेळावा म्हणजे जत्रेच्या मैदानातली ओकची झाडं, बीन्सची मोठी पातेली, काळी कॉफी, आणि युद्धात खाल्ली तशी दगडासारखी बिस्किटं. ती कुणी खात नसे, पण टेबलावर ठोकून 'आठवतंय का रे' म्हणायला हवीच असत. मग हजेरी. नाव पुकारलं की माणूस 'हजर' म्हणायचा. वर्षभरात कुणी गेला असेल तर रांगेत त्याच्या शेजारी उभा राहिलेला माणूस त्याच्या वतीने म्हणायचा, "पुढे गेला." मग सगळे आपापली फीत काढून काळी बाजू बाहेर करायचे. जेवायला बसायच्या आत पुन्हा निळी.

गावात आणखी एक रीत होती. पलटणीतला कुणी वारला की त्याची फीत घराच्या पुढच्या खिडकीत काळी बाजू रस्त्याकडे करून टांगायची. कुणी दार ठोठावून 'गेले का?' असं विचारायला लागू नये म्हणून. ज्याने खिडकी पाहिली त्याने टोपी काढायची आणि थेट चर्चच्या घंटावाल्याला सांगायचं. घंटावाला मेलेल्या माणसाच्या वयाइतके टोले द्यायचा, दोन टोल्यांत अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवून. गाव हातातलं काम थांबवून मोजायचं.

वर्षं गेली. माझ्या बहिणी एकेक करून खिडक्यांत गेल्या. त्यातल्या किती मातीत गेल्या आणि किती उंदरांनी नेल्या, मला माहीत नाही.

शेवटी टॅनर्स फोर्डात पलटणीचे दोघंच उरले. लेम्युएल आणि होझिया टिबेट्स. दोघं एकाच साली जन्मलेले, रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले. आणि एकमेकांशी नऊ वर्षं न बोललेले.

ते भांडण माझ्या डोळ्यांदेखत झालं. १९२१ साली तिसरा म्हातारा, गेल नावाचा, वारला. कबरीपाशी लेम्युएलने मला काळी बाजू बाहेर करून लावलं होतं. होझिया आला, त्याच्या कोटावर माझी बहीण. निळी, सोनेरी गरुडासकट.

सगळ्यांदेखत लेम्युएल म्हणाला, "काय रे, लग्नाला आलायस का?"

होझियाने कोटावर हात ठेवला. बोटांनी फीत चाचपली. मग तो वळला आणि निघून गेला. जाताना त्याचा पाय एका दगडाला अडखळला. मला ते तेव्हाच विचित्र वाटलं होतं.

त्यानंतरचे मेळावे दोघांचे. ओकच्या झाडांखाली दोन बाकं, एकावर लेम्युएल, दुसऱ्यावर होझिया. नावं वाचायला लेम्युएलची विधवा मुलगी इडेला उभी राहायची. ती "स्ट्राउड" म्हणायची, हा म्हणायचा "हजर." ती "टिबेट्स" म्हणायची, तो म्हणायचा "हजर, पण नाइलाजाने." मग दोघं आपापली कॉफी पिऊन घरी.

व्हर्लिन इथे दोन वर्षांपूर्वी आला, दुसऱ्या जिल्ह्यातून. बावीस वर्षांचा, उंच, कायम मान खाली. दुकानात पाव मागतानाही पुटपुटतो. त्याला सैनिकांच्या मेळाव्यांच्या फिती गोळा करायचा नाद. रविवारी सायकल घेऊन गावोगाव जायचा, म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसायचा. ज्याला माणसांशी बोलता येत नाही, त्याने कुणाची जुनी फीत मागावी. माणूस आपणहून दोन तास बोलतो. त्याच्याकडे एकसष्ट फिती होत्या, शर्टांच्या खोक्यांत, टिपकागदांच्या घड्यांत. प्रत्येकीबरोबर चिठ्ठी, कुणाची, कुठली, कोणत्या सालची. त्याचा एकच नियम होता. फितीला टाचणी टोचायची नाही. आणि दुसरा त्याने कधी बोलून दाखवला नाही, पण पाळला. जी आपण कमावली नाही ती आपण घालायची नाही.

लेम्युएलकडे तो पहिल्यांदा आला तेव्हा दारातच थांबला.

"आत ये ना," इडेला म्हणाली. "तिथे खांबासारखा उभा राहिलास तर लोक तुला घोडे बांधतील."

लेम्युएलने मला त्याच्या हातात दिलं. व्हर्लिनने मला तळहातावर असं धरलं की जणू मी पक्ष्याचं पिल्लू आहे.

"ही तुझ्या खोक्यात नको, पोरा," लेम्युएल म्हणाला. "अजून एकदा लागायचीय. पण बघ, मजा अशी की जो शेवटचा उरेल त्याच्यासाठी काळी बाजू लावायला कोणीच नसणार. होझिया माझ्यासाठी लावायचा नाही. आणि तो आधी गेला, तर मग माझ्यासाठी लावायला आहे कोण?"

ही गोष्ट तो हसत बोलला, पण मी त्याच्या छातीवर चाळीस वर्षं राहिलेली. त्या वाक्याला छाती कशी आखडली ते मला कळलं. त्या दिवसापासून त्याला दुसरी कसलीच काळजी नव्हती.

१९३० च्या ऑगस्टअखेर लेम्युएलच्या छातीत कफ भरला. गावाला कळलं, लोक इडेलाला थांबवून विचारू लागले. मेळावा दहा दिवसांवर. माझ्यावर कॉफीचा जुना डाग होता. इडेला म्हणाली, "व्हर्लिन, तुला जमतं ना हे? स्वच्छ करून दे. बाबा जाणारच म्हणतायत. आणि मी पुलापलीकडून औषध घेऊन येते, तोवर त्यांच्यापाशी बस."

व्हर्लिनने पावाच्या पांढऱ्या भागाने मला हळूहळू घासलं. मग ओल्या फडक्याने टिपलं. आता वाळवायचं होतं. ऊन पुढच्या खिडकीत होतं. फिती गोळा करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. निळं रेशीम उन्हात धरलं की त्याचा रंग उडतो. काळ्याला काही होत नाही. म्हणून त्याने निळी बाजू खोलीकडे केली, काळी रस्त्याकडे, आणि मला काळजीपूर्वक खिडकीच्या दोरीला चिमट्याने लावलं.

गावात शेवटची फीत खिडकीत लागली ती नऊ वर्षांपूर्वी. व्हर्लिनला ही रीत कुणी सांगितलीच नव्हती. आणि मला तोंड नाही.

पोस्टमन आला. त्याने खिडकीकडे पाहिलं, थांबला. टोपी काढून छातीशी धरली. पिशवीतली स्ट्राउडांची पत्रं त्याने पुन्हा पिशवीत ठेवली आणि चर्चच्या दिशेने निघाला. मी काचेला चिकटून हे सगळं पाहत होते. माझं सगळं अंग वाळायच्या ऐवजी गार पडलं.

पहिला टोला पडला तेव्हा लेम्युएल झोपेतून जागा झाला.

"मोज रे, पोरा."

व्हर्लिन मोजू लागला. तिसाव्या टोल्याला लेम्युएल म्हणाला, "तरुण नाही." पन्नासला म्हणाला, "न्हावी वाचला." बहात्तर ओलांडलं तेव्हा त्याने उशीवरून डोकं उचललं. "मिलवाला डॉब्स बहात्तरचा. तोही नाही. मग कोण?"

ऐंशी. एक्याऐंशी. लेम्युएल बोलायचा थांबला. त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी.

आणि मग काही नाही. बराच वेळ काही नाही.

"चौऱ्याऐंशीचे या गावात दोघंच," लेम्युएल म्हणाला. आवाज त्याचा राहिला नव्हता. "मी आणि होझिया."

व्हर्लिनने त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"त्याला दिसत नव्हतं," लेम्युएल म्हणाला. "गेलच्या अंत्यविधीला. दिसतच नव्हतं त्याला. वर्षभर आधी मेळाव्यात त्याने माझ्या बाहीवर कॉफी ओतली होती, पेला समजून. मला माहीत होतं. ऐकतोयस ना? मला माहीत होतं, आणि तरी मी बोललो. कारण त्याच्यावर हसताना सगळे माझ्याकडे बघत होते."

नऊ वर्षं मी त्याच्या छातीवर. एवढं त्याने मलाही कळू दिलं नव्हतं.

"फीत आण. काळी बाजू. मला जायचंय."

"आजोबा, थंडी वाजेल. इडेलामावशी येऊ दे."

"पोरा, मी त्याच्या शेजारी उभा होतो. 'पुढे गेला' कोण म्हणणार, तू?"

व्हर्लिनने मला खिडकीतून काढलं. लेम्युएलच्या हातांना टाचणी धरवत नव्हती, पण दुसऱ्याला लावू देईना. रात्रीच्या सदऱ्यावरच त्याने मला लावलं, काळी बाहेर, वाकडी. त्यावर कोट, बटणं न लावता. व्हर्लिनच्या दंडाला धरून तो ओसरीच्या पायऱ्या उतरला.

फाटकाशी एक माणूस कुंपणाच्या फळ्या हाताने चाचपत येत होता. एक फळी, मग दुसरी. अंगात काळा कोट, डोक्यावर जुनी टोपी. कोटावर माझी बहीण होती. निळी. सोनेरी गरुड उन्हात चमकत होता.

लेम्युएल जागच्या जागी थिजला. त्याच्या काळजाचे ठोके मी मोजले नाहीत. मोजण्यासारखे ते राहिलेच नव्हते.

"होझिया?"

समोरचा थांबला. फळीवरचा हात तसाच. "कोण?"

"मी. लेम."

"लेम मेलाय," होझिया म्हणाला. "घंटा ऐकली मी. चौऱ्याऐंशी मोजले. मी तर जिवंत आहे, म्हणजे तोच."

"मी पण तेच मोजले. मी म्हटलं तू."

होझियाने आवाजाकडे कान केला. मग होझिया म्हणाला, "मेलेला माणूस एवढा मोठ्याने बोलत नाही. तू लेमच." आणि तो हात पुढे करून फाटकातून आत आला. व्हर्लिनने त्याला धरलं आणि ओसरीच्या पायरीवर बसवलं. लेम्युएल शेजारी बसला.

"तू कोटावर काही लावलंयस का?" होझियाने विचारलं.

"काळी बाजू. तुझ्यासाठी."

"मी पण काळीच लावलीय," होझिया म्हणाला. बोटांनी त्याने माझ्या बहिणीच्या कडा नीट केल्या. "या वेळी बोटांनी दोनदा बघितली. बरोबर लागलीय ना?"

लेम्युएलने निळ्या फितीकडे पाहिलं. गरुडाकडे पाहिलं.

"बरोबर लागलीय," तो म्हणाला. "अगदी सरळ."

इतक्यात इडेला धावत आली, हात रिकामे, डोक्यावरची टोपी एका कानावर. पुलावर तिने चौऱ्याऐंशीवा टोला ऐकला आणि औषधाची बाटली तिथेच पडली. बापाला पायरीवर बसलेलं पाहून ती फाटकाला धरून उभी राहिली. तिच्या मागे झाकलेली पातेली घेऊन अर्धी गल्ली. भाजलेली कोंबडी, बटाटे, मक्याचा पाव. सगळे पुतळ्यासारखे.

"फीत खिडकीत काळी कुणी लावली?" इडेलाने विचारलं.

"मी," व्हर्लिन म्हणाला. "रंग उडू नये म्हणून."

मला वाटलं, आता व्हर्लिन लाजेने जमिनीत गाडला जाईल. पण लेम्युएलला हसू फुटलं, इतकं की खोकला लागला. होझिया म्हणाला, "कोंबडीचा वास येतोय. कुणी मेलं नाही म्हणून ती परत न्यायची काही गरज नाही."

त्या वर्षी मेळाव्यात एकच बाक लागलं.

नोव्हेंबरात होझिया झोपेतच गेला. पुन्हा चौऱ्याऐंशी टोले. लेम्युएलने मला काळ्या बाजूने लावलं, कबरीपाशी म्हणाला, "पुढे गेला," आणि घरी आल्यावर व्हर्लिनला जवळ बोलावलं.

"आता शेवटचा मीच. फीत तुझी. तुझ्या खोक्यात ठेव, चिठ्ठी लाव, काय हवं ते कर. पण त्या आधी एक दिवस ती काळ्या बाजूने घाल. माझ्यासाठी."

"मी सैनिक नाही, आजोबा," व्हर्लिन म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"मी लोकांना विचारत नाहीये."

व्हर्लिन हो म्हणाला नाही. नाही असंही म्हणाला नाही. मान खाली घालून बसला. लेम्युएलने पुन्हा विचारलं नाही. जानेवारीत त्याला पंच्याऐंशी पूर्ण झाली. त्याच्या डोळ्यांत तोच प्रश्न होता, आणि रोज संध्याकाळी व्हर्लिन येऊन बसायचा तेव्हा मला तो दिसायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी लेम्युएल गेला. बर्फ पडत होता. इडेलाने त्याचे डोळे मिटले आणि म्हणाली, "व्हर्लिन, खिडकी."

या वेळी त्याला रीत माहीत होती. त्याने मला नीट टांगलं. काळी बाजू रस्त्याकडे.

पोस्टमन आला. खिडकीकडे पाहिलं. आणि तो हसला. बोट हलवून काचेवर टकटक केलं. "व्हर्लिन, परत ऊन दाखवतोयस का? आज तर ऊनही नाही रे." आणि पत्रं दारातल्या पेटीत टाकून पुढे गेला.

दोन बायका गेल्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं, दोघी हसत गेल्या. मिलवाल्या डॉब्सने टोपीला हात लावला, पण नमस्कारासारखा. कुणी टोपी काढली नाही. कुणी पातेलं आणलं नाही. घंटावाल्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्याने आधी माणूस पाठवून खात्री केली असती. या खिडकीला एकदा फसलेलं गाव दुसऱ्यांदा फसायला तयार नव्हतं.

मी एकशे चाळीसपैकी शेवटची उरलेली, माझं एवढंच काम होतं, आणि कुणी माझ्यावर विश्वास ठेवत नव्हतं. चाळीस वर्षांत मला एवढा धक्का बसला नव्हता.

"घंटा का वाजत नाही?" इडेला बापाच्या खाटेपाशी बसून पुन्हा पुन्हा विचारत होती. व्हर्लिनला उत्तर माहीत होतं. तो दारापर्यंत गेला, कडीला हात लावला, रस्त्यावर कुणीतरी जात होतं, तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. तो परत येऊन बसला.

मी आता व्हर्लिनच्या खोक्यात आहे, टिपकागदात. माझ्या शेजारच्या एकसष्ट जणी पितळी पट्ट्या शाबूत असलेल्या, कधी न टोचलेल्या, इस्त्री केल्यासारख्या सरळ. मी भोकं पडलेली, कडा उसवलेली. कधी जुन्या सामानात तुमच्या हाती आमच्यासारखी एखादी आली, तर निळी बाजू बघून ठेवून देऊ नका. उलटी करून बघा. टाचणीची भोकं मोजा. प्रत्येक भोक म्हणजे कुणीतरी कुणासाठी तरी उभा राहिला होता. लेम्युएलने पाडलेल्या शेवटच्या भोकाखाली एक नवीन आहे, जरा वाकडं.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी पडलं. व्हर्लिनने मला खिडकीतून काढलं. इडेलाच्या शिवणाच्या उशीतून एक टाचणी घेतली. डेअरीचा स्वच्छ कोट घातला, आरशासमोर उभा राहिला, आणि मला डाव्या छातीवर लावलं, काळी बाजू बाहेर. नव्या ठिकाणी टाचणी टोचताना त्याने डोळे मिटून घेतले.

मग टोपी हातात घेऊन तो रस्त्याच्या मधून निघाला, बर्फातून. न्हाव्याच्या दुकानासमोरून, पोस्टासमोरून, जिथे पोस्टमन पिशवी भरत होता. कुणी हाक मारली तरी तो थांबला नाही, पण मान वर होती. लोक दारात आले. पोस्टमनने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूहळू टोपी काढली.

चर्चच्या पायऱ्यांवर घंटावाला बर्फ झाडत होता.

"पंच्याऐंशी," व्हर्लिन म्हणाला.

घंटावाल्याने केरसुणी भिंतीला टेकवली आणि आत जाऊन दोर धरला. पहिला टोला पडला, आणि व्हर्लिन दारात उभा राहून रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात मोजू लागला.